वर जाण्याचं तिकीट

आमच्या वर्ध्याकडे 'अमके वर गेले' असं कुणी म्हटलं, की ऐकणारा आधी चेहरा पाडतो, मग 'केव्हा?' असं विचारतो आणि मग खांद्यावर पंचा टाकून निघतो. त्यामुळे २५ जून २०२५ रोजी, दुपारी बारा वाजून एक मिनिटानं, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला वर गेले ही बातमी आमच्या गल्लीत आनंदाची बातमी म्हणून पसरायला जरा वेळच लागला. "काऊन जी, चांगला तरुण मानूस होता ना थो?" असं एका म्हातारबुवांनी कळवळून विचारलंसुद्धा. तो परत येणार आहे हे त्यांना पटवून देईपर्यंत रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर परत आलेला होता.

पण एकदा बातमी समजल्यावर मात्र आमच्या वर्धेकरांनी वेळ घालवला नाही. तासाभरात त्यांचे तीन पक्ष झाले. दोन माणसं जमली की तीन पक्ष होणं हा महाराष्ट्राचा धर्मच आहे, आणि वर्ध्यानं तो काँग्रेसच्या चांगल्या दिवसांपासून पाळला आहे.

पहिला पक्ष हारवाल्यांचा. यांच्या मते भारतानं अवकाश जिंकलं. दुसरा पक्ष हिशेबवाल्यांचा. यांच्या मते इथं कपाशीला भाव नाही, सोयाबीन पिवळं पडतंय, आणि सरकार एका माणसाला फिरायला पाठवण्यासाठी साडेपाचशे कोटी उडवतंय. हे दोन्ही पक्ष आपल्या ओळखीचे आहेत, गावोगाव आहेत, आणि त्यांच्याशी माझं फार भांडण नाही. माझं भांडण आहे ते तिसऱ्या पक्षाशी. हा पक्ष म्हणतो, "पाहा! याला म्हणतात खाजगी काम!"

या पक्षाचे आमच्या गल्लीतले अध्यक्ष एक पेन्शनर आहेत. जन्मले सरकारी दवाखान्यात, शिकले जिल्हा परिषदेच्या शाळेत, नोकरी सरकारी, घर सरकारी कर्जातून बांधलेलं, रजाप्रवास सवलतीत काशी-रामेश्वर झालेलं, आणि आता दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन. ती दोन तारखेला आली तर लोकशाही धोक्यात येते. आणि या गृहस्थांचं आयुष्यभराच्या चिंतनातून निघालेलं मत असं, की सरकारला काही म्हणजे काही जमत नाही, सगळं खाजगी करून टाकलं पाहिजे.

तर हे पेन्शनर त्या दिवशी वर्तमानपत्राची गुंडाळी तलवारीसारखी धरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काकाजी, वाचलं का? अमेरिकेतली खाजगी कंपनी मानसं अंतराळात नेऊन ऱ्हायली. आनि आपली येष्टी आर्वीले वेळेवर जात नाही. विकून टाका म्हन्तो मी सगळं! येष्टी विका, शाळा विका, दवाखाने विका!"

आता एस.टी. विकायची की नाही हे माझ्या हातात असतं, तर मी इतकी वर्षं तिच्यात उभ्यानं प्रवास केला नसता. पण हा जो 'म्हणून' आहे ना, कंपनीनं माणूस वर नेला 'म्हणून' शाळा विका, त्या 'म्हणून'शी माझं वैर आहे. जगातली निम्मी फसवणूक या तीन अक्षरांत होते.

तेव्हा आधी ही 'खाजगी' मोहीम खरोखर किती खाजगी होती ते पाहू. लग्नाला गेल्यावर जेवण कुणाच्या पैशानं चाललंय हे पाहण्याची विदर्भात पद्धत आहेच.

मोहिमेचं नाव ॲक्सिऑम-४. ॲक्सिऑम ही अमेरिकेतल्या ह्यूस्टनची कंपनी. ती स्वतः रॉकेट बनवत नाही. ती प्रवासी जमवते, त्यांच्या प्रशिक्षणाची, जाण्यायेण्याची, राहण्याची व्यवस्था करते. म्हणजे आपल्याकडे चारधाम यात्रा काढणारे असतात ना, 'राहणे, जेवण, चहा-नाश्ता सहित', त्यांतला प्रकार. गाडी दुसऱ्या कंपनीची, स्पेसएक्सची. फाल्कन-९ हे रॉकेट आणि त्यावर ड्रॅगन हे यान. इथवर सगळं खाजगी, कबूल.

आता पुढं चला. रॉकेट उडालं कुठून? फ्लॉरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रातल्या ३९-ए या तळावरून. चंद्रावर पहिली माणसं उतरवणारं अपोलो-११ ज्या तळावरून १९६९ साली निघालं, तोच तळ. तो अमेरिकेच्या सरकारनं, म्हणजे नासानं बांधला. स्पेसएक्सनं तो २०१४ साली भाड्यानं घेतला. पोचायचं कुठं होतं? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर. पंधरा देशांच्या सरकारांनी मिळून, करदात्यांच्या पैशातून, तुकडा तुकडा वर नेऊन जोडलेलं ते घर. नोव्हेंबर २००० पासून तिथं एक दिवसही कुलूप लागलेलं नाही. कप्तान कोण? पेगी व्हिटसन बाई. अनुभव एवढा, की अंतराळात सर्वांत जास्त दिवस राहिलेल्या अमेरिकी व्यक्ती त्याच. पण तो अनुभव त्यांनी मिळवला नासाच्या नोकरीत. २०१८ साली निवृत्त झाल्या आणि मग कंपनीकडे आल्या. खाजगी मोहिमेचा कप्तान नासाचा जुना अंतराळवीर असावा, असा नासानं दंडकच घातलेला आहे. सरकारी दवाखान्यात हात बसवायचा आणि मग स्वतःची पाटी लावायची, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही, हे वाचून मला फार समाधान वाटलं.

आणि प्रवासी? भारताचे शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू. (पोलंडच्या गृहस्थांचं नाव मी तीनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा आमच्या हिनं आतून पाणी आणून दिलं.) या तिघांच्या मागं कोण? भारत सरकार, पोलंड सरकार, हंगेरी सरकार. एकाही प्रवाशानं स्वतःच्या खिशातून दमडी काढलेली नाही.

म्हणजे बघा हं, तळ सरकारी, घर सरकारी, कप्तानाचा अनुभव सरकारी, प्रवासी सरकारी, पैसा सरकारी. मग खाजगी काय उरलं? गाडी आणि पावतीपुस्तक.

बरं, गाडी तरी कुणाच्या जिवावर बनली? अमेरिकेचं स्पेस शटल २०११ साली बंद झालं. पुढची नऊ वर्षं अमेरिकेसारखा अमेरिका रशियाच्या गाडीत पैसे मोजून बसत होता. तेव्हा नासानं २०१४ साली दोन कंपन्यांना माणसं नेणारी यानं बनवायचं काम दिलं. स्पेसएक्सला २६० कोटी डॉलर आणि बोइंगला ४२० कोटी डॉलर. म्हणजे गिऱ्हाईक सरकार, आणि भांडवलातला मोठा वाटाही सरकारच. तरीही बारशाच्या वेळी पाळण्याशी कंपनी एकटीच उभी!

पेन्शनरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पन वेळेवर तं नेलं ना?" आता हे मात्र मला ऐकवेना. उड्डाण ठरलं होतं २९ मेला आणि झालं २५ जूनला. मधल्या काळात कधी यान तयार नाही, कधी वारा फार, कधी रॉकेटात द्रवरूप ऑक्सिजनची गळती, तर कधी स्थानकाच्या रशियन भागातच गळती. आमच्याकडे मृग जाऊन आर्द्रा लागल्या, लोकांची धूळपेरणी उलटली, तरी रॉकेट आपलं ओट्यावरच. आणि शेवटी उडालं तेव्हा चारशे किलोमीटर उंचीवरच्या स्थानकाला लागायला किती वेळ लागला म्हणता? अठ्ठावीस तास! स्थानक ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं पळत असतं, त्याला हळूहळू गाठावं लागतं, हे शास्त्र मला मान्य आहे. पण चारशे किलोमीटरला अठ्ठावीस तास हा आकडा ऐकून आमच्या गल्लीतल्या लोकांना एस.टी.बद्दल आयुष्यात प्रथमच आदर वाटला, हेही नमूद केलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस खाजगी म्हटलं की बिथरतो. मुळीच नाही. स्पेसएक्सनं रॉकेट परत उतरवून पुन्हा वापरायची जी विद्या साधली आहे, ती पाहून मी थक्क आहे. आमच्या घरी पाहुण्यांनी नेलेला डबा परत येत नाही. यांचं रॉकेट येतं. पण खाजगी म्हणजे एकच जात असते, हा समज सोडा. जास्त पैसे मिळालेल्या त्या दुसऱ्या कंपनीच्या यानातून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये आठ दिवसांसाठी गेले. यानात बिघाड झाला, ते रिकामंच परत आणावं लागलं, आणि हे दोघं मार्च २०२५ मध्ये, नऊ महिन्यांनी, स्पेसएक्सच्या यानातून परतले. आठ दिवसांची माहेरपणाला आलेली नणंद नऊ महिने राहिल्याची उदाहरणं घरोघरी आहेत, पण तिथं दोष गाडीचा नसतो. सांगायचं ते इतकंच, की अडकवणारीही खाजगी आणि सोडवणारीही खाजगी. तेव्हा 'खाजगी म्हणजे चोख' हे जितकं खोटं, तितकंच 'खाजगी म्हणजे चोर' हेही खोटं. कुणाची गाडी आहे हा प्रश्न दुय्यम आहे. गाडीखाली वाकून कोण पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

आणि या मोहिमेत एकदा कुणीतरी वाकून पाहिलं, म्हणून मला तिचा अभिमान वाटतो. ती ऑक्सिजनची गळती निघाली ना, तेव्हा भारताची माणसं तिथं हजर होती. आपल्या लोकांनी गळतीचं मूळ सापडून पूर्ण दुरुस्ती आणि चाचणी झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह धरला, असं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. हारवाल्यांनी हार घालायचाच असेल तर या आग्रहाला घालावा. तिकीट काढलेला प्रवासी मुकाट्यानं खिडकीशी बसला नाही, खाली उतरून चाकाशी वाकला आणि म्हणाला, "आधी हे नीट करा, मग घंटी मारा." पण असं वाकून पाहायला चाकातलं कळावं लागतं. ते इस्रोला कळतं, कारण गेली पन्नासहून अधिक वर्षं या देशानं सरकारी पैशानं, सरकारी पगारावर, ते कळणारी माणसं तयार केली. उद्या सगळं विकून टाकल्यावर वाकून पाहणार कोण? आमचे पेन्शनर? त्यांच्या पाठीला पट्टा आहे.

दिवाळीत पुण्याहून वर्ध्याला येताना एका ट्रॅव्हल्सनं (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) माझ्याकडून नेहमीच्या तिप्पट भाडं घेतलं, झोपायची जागा म्हणून टायरवरचा खण दिला, आणि मध्यरात्री कुठल्याशा ढाब्यावर गाडी बंद पडल्यावर 'उतरा, मागून दुसरी येते' असं सांगितलं. मागून दुसरी आली ती लाल डब्याची एस.टी. तिनं विनातक्रार घेतलं. मागून येणारी एस.टी. असते, या भरवशावरच पुढच्या ट्रॅव्हल्सचा रुबाब चालतो, हे तत्त्व मी त्या रात्री उभ्यानं शिकलो. अंतराळातही तेच आहे.

खरं तर 'खाजगी' हा प्रकार वर्धा जिल्ह्याला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. आमच्याकडे पुलगाव ते आर्वी अशी एक छोटी रेल्वे होती. पस्तीसेक किलोमीटरची, अरुंद रुळांची, कापसाच्या गाठी मुख्य लायनीला आणून टाकणारी. ही रेल्वे एका विलायती कंपनीची. रूळ कंपनीचे, आणि चालवायची मोठी रेल्वे. तिची थोरली बहीण यवतमाळकडची शकुंतला, तीही याच कंपनीची. देश स्वतंत्र झाला, रेल्वे राष्ट्राची झाली, पण या रुळांची मालकी काही सुटली नाही. गाडी चालवायची सरकारनं, आणि मालकीचा मोबदला कंपनीला. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकत होतं. नवं काही करायचं म्हटलं की मालक कोण हा प्रश्न, आणि मोबदला म्हटला की मालक ठाऊक! आता आर्वीची ती गाडी बंद आहे. कापूस गेला, धूर गेला, रुळांवर बाभळी आल्या. 'मालकी त्यांची, मेहनत आमची' हा पाठ आम्ही अंतराळयुगाच्या आधीच गिरवून ठेवला आहे.

आणि गंमत पाहा, 'खासगी' हा शब्द मुळात इतका वाईट नव्हता. मराठेशाहीत 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन खजिने असत. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट बांधले, धर्मशाळा बांधल्या, देवळं उभारली, ती खासगीतून. दौलतीच्या पैशाला त्या कामी हात लावला नाही, म्हणून तर आजही त्यांचं नाव घेताना आपोआप मान लवते. म्हणजे त्या काळी खासगी म्हणजे स्वतःच्या पैशानं लोकांचं काम. आज खाजगी म्हणजे लोकांच्या पैशानं स्वतःचं काम. शब्द तोच आहे, फक्त 'स'चा 'ज' झाला. पण त्या एका अक्षरात अख्खा इतिहास उताणा पडला.

आता हिशेबवाल्यांकडे वळतो, कारण हिशेब हा वर्ध्याचा विषय आहे. इथल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांसारखा विलायतेत हिशेबनिसी शिकलेला माणूस ग्रामोद्योगाच्या पै-पैचा अर्थ लावत बसला होता. इथं सेवाग्रामला राहणारा म्हातारा तिसऱ्या वर्गानं प्रवास करी आणि पोस्टकार्डाचा कोरा कोपराही वाया जाऊ देत नसे. तेव्हा साडेपाचशे कोटी ऐकून आम्ही हबकलो तर त्यात नवल नाही. पण हबकण्यापूर्वी भागाकार करावा. देशाची लोकसंख्या एकशेचाळीस कोटी धरली तर माणशी पडले चार रुपयांहून पाच-सात पैसे कमी. चार रुपयांत आज आमच्या चौकात कटिंग चहासुद्धा मिळत नाही. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तेरा लाखांच्या घरात होती. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आले पन्नास-बावन्न लाख. तेवढ्यात एक बरा सभामंडपही होत नाही, आणि सभामंडप झाल्यावर त्यातून कुणी अठरा दिवस अंतराळ स्थानकात राहून आल्याचं ऐकिवात नाही. चार रुपयांपायी शेतकरी बुडाला असं म्हणणं, हा शेतकऱ्याच्या खऱ्या दुखण्याचा अपमान आहे. त्याला बुडवणारी माणसं जमिनीवरच आहेत. त्यांना शोधायला दुर्बीण लागत नाही.

पण चार रुपये दिले आहेत तर चार रुपयांचा हिशेब मात्र मी मागणार. तो माझा हक्क आहे, कारण तिकीट माझंही होतं. शुक्लांनी वर भारतातल्या संस्थांनी सुचवलेले सात प्रयोग केले. मेथी आणि मुगाला मोड आणले. ते तर आमच्या स्वयंपाकघरात दर आठवड्याला होतं, पण वजनच नसलेल्या जागी मोड कुठल्या बाजूला वळतात हे कुणाच्या सासूला ठाऊक आहे? डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढवलं, स्नायू कसे झिजतात ते पाहिलं, आणि जलअस्वल नावाचा एक चिवट सूक्ष्म जीव नेला, जो न खातापिता, वाळून, वर्षानुवर्षं तग धरतो. (हा प्रयोग शिक्षणसेवकांवर इथंच, कमी खर्चात करता आला असता.) या सगळ्यातून काय निघालं, ते साध्या मराठीत, चार पानांत, आर्वी-आष्टी-कारंज्याच्या शाळांत पोचलं पाहिजे. कपाशी पेरणाऱ्याच्या पोरीला कळलं पाहिजे, की बी वर नेलं तेव्हा त्याचं काय झालं. हे पोचलं तर चार रुपये वसूल. नाही पोचलं तर हिशेबवाल्यांच्या सभेला अध्यक्ष म्हणून मी येतो.

हारवाल्यांना दोनच शब्द. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोविएत यानातून सोविएत स्थानकावर गेले. तिकीट दोस्तीखाती होतं. एक्केचाळीस वर्षांनी शुक्ला अमेरिकी यानातून गेले, तिकीट रोखीनं. दोन्ही प्रवास मोलाचे, दोन्ही माणसं थोर. पण गावचा पोरगा पहिल्यांदा विमानानं दिल्लीला गेला, तर 'पोरगा विमानानं गेला' म्हणून पेढे वाटावेत. 'पोरानं विमान बनवलं' म्हणून वाटू नयेत. विमान बनवायचं काम वेगळीकडे चाललं आहे. त्याचं नाव गगनयान. २०१८ साली मंजुरी मिळाली, २०२४ साली खर्चाची मर्यादा वीस हजार कोटींच्या वर नेली; भागाकार केलात तर माणशी एकशेचव्वेचाळीस रुपये. ते आपलं यान, आपलं रॉकेट, आपली माणसं. चारशे किलोमीटरवर स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचा बेत आहे तोही आपलाच. थोडे हार त्या दिवसासाठी राखून ठेवा. झेंडू काही संपत नाही.

आणि हे स्थानक आपलं का हवं, तेही ऐकून ठेवा. सध्याचं ते पंधरा देशांचं स्थानक आता म्हातारं झालं आहे. २०३० नंतर ते खाली आणून समुद्रात बुडवायचं नासानं ठरवलं आहे. पुढं अमेरिकेला तिथं स्वतःचं सरकारी घर नको आहे. कंपन्या आपापली स्थानकं बांधतील आणि नासा भाडेकरू म्हणून जाईल. ॲक्सिऑमला तोच धंदा करायचा आहे. म्हणजे स्टेशनाजवळची धर्मशाळा पाडायची आणि तिथं लॉज काढायचा. लॉजला माझी हरकत नाही. पण धर्मशाळेत गेलं की 'कुठून आलात?' विचारतात, आणि लॉजवर 'किती दिवस? आगाऊ भरा' म्हणतात. २००१ साली डेनिस टिटो नावाचे धनिक पदरचे पैसे मोजून स्थानकावर जाऊन आले. दोन कोटी डॉलरच्या आसपास मोजले म्हणतात. २०२२ साली ॲक्सिऑमच्या पहिल्या मोहिमेत तीन धनिक गेले. माणशी साडेपाच कोटी डॉलरची बोलवा होती. खुशाल जावं त्यांनी. फक्त वरच्या साऱ्या खोल्या लॉजच्या झाल्या, की मेथीच्या मोडांना जागा कोण देणार?

वरचं काहीही खाजगी असलं तरी खाली पडलं की ते सार्वजनिक होतं, हेही आमच्या भागानं पाहिलेलं आहे. २ एप्रिल २०२२, ऐन गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपूर-वर्ध्याच्या आभाळातून आगीचे लोळ सरकत गेले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, आमच्या हिनं सरळ हात जोडले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. म्हणजे ते सरकारीच होतं. पडण्याच्या बाबतीत सरकारी-खाजगी असा भेद नाही. पण ते कडं उचलायला कोण आलं? पोलीस ठाणं, तलाठी, तहसीलदार. उद्या एखाद्या कंपनीचा तुकडा पडला तरी पंचनामा करायला तीच माणसं येणार. नफा वर राहतो, पंचनामा खाली होतो.

आमच्या पेन्शनरांना अजून एक शंका होती: आपला गोरसपाक वर नेता येईल का? शुक्लांनी गाजराचा हलवा नेला, मुगाचा हलवा नेला, आमरस नेला. मग वर्ध्याचा गोरसपाक का नको? मी सांगितलं, की तो दाताखाली येण्याआधीच भुगा होतो, आणि वर भुगा खाली पडत नाही, तरंगत जाऊन यंत्रात शिरतो. म्हणून तिकडे पावसुद्धा टाळतात आणि पोळीसारखा प्रकार खातात. "म्हंजे खाजगीत सुद्धा पोळीच!" असं म्हणून ते समाधानानं गेले. त्यांचं मत बदललं नाही. पेन्शनवाल्याचं मत बदलत नाही, फक्त महागाई भत्ता बदलतो.

मत बदलो न बदलो, माझं म्हणणं एवढंच आहे. शुभांशु शुक्ला त्या यानापर्यंत कसे पोचले ते पाहा. पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मग वायुसेना, मग इस्रोची निवड, रशियातलं प्रशिक्षण, मग बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. राकेश शर्माही त्याच खडकवासल्याचे. या वाटेवर प्रत्येक पायरी तुमच्या-माझ्या पैशानं बांधलेली आहे, आणि तिच्यावर चढताना 'तिकीट किती?' असं कुणी विचारलेलं नाही, 'येतं का?' एवढंच विचारलं. खाजगी होती ती अगदी शेवटची पायरी. तेवढी आपण साडेपाचशे कोटी देऊन विकत घेतली, आणि ठीकच केलं.

पण शेवटची पायरी विकत मिळते म्हणून कुणी खालची शिडी विकायला काढू नये. समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात आज सातवीत एखादी मुलगी असेल. तिच्या शिडीची पहिली पायरी म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, आणि दुसरी म्हणजे सकाळी साडेनऊची एस.टी. तिच्या शाळेत विज्ञानाच्या कपाटाला कुलूप असेल तर ते आधी काढा, आणि किल्ली हेडमास्तरांच्या गळ्यात नव्हे, कपाटालाच लटकवून ठेवा. त्याला लागतील तेवढे आणखी चार रुपये माझ्याकडून घ्या. पावती दिली नाही तरी चालेल.